पाना कधी हातात घ्यायचा, गाडी कधी सोपवायची

ऊसहंगाम सुरू झाला की वारणानगर-कोडोली भागातल्या रस्त्यांचं रूपच बदलतं. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, बैलगाड्या, डांबरावर पसरलेला पाला, शेतातून चाकांबरोबर आलेली माती आणि या सगळ्यातून वाट काढणाऱ्या मोटरसायकली. पहाटे दुधाचे कॅन अडकवून डेअरीकडे निघालेल्या, मग कॉलेजच्या पोरांच्या, मग कारखान्यात पाळीला जाणाऱ्या कामगारांच्या. चहाच्या टपरीसमोर अशा आठ-दहा गाड्या उभ्या असतील तेव्हा जरा वाकून त्यांच्या चेन बघा. माती आणि ऑइलचा काळा थर चढलेला असतो, चेन सैल पडून लोंबत असते. मालकाला विचारलं तर तो म्हणतो, "आत्ताच सर्व्हिसिंग केलंय की. गेल्या महिन्यात शोरूमला टाकली होती."

तो खरंच बोलत असतो. पण इथून रोज कोल्हापूरला ये-जा करणाऱ्याची गाडी महिन्याला दीड हजार किलोमीटर सहज धावते, आणि धुळीच्या दिवसांत चेन पाचशे-सातशे किलोमीटरला एकदा तरी पुसून, तेल देऊन, ताण बघून घ्यावी लागते. शोरूममध्ये गाडी जाते तीन-चार महिन्यांनी. मधल्या काळात तिच्याकडे कोण बघणार? घरी काम करावं की डीलरला पैसे द्यावेत, हा विचार बहुतेक लोक खर्चापासून सुरू करतात. मला वाटतं, तो या मधल्या तीन-चार महिन्यांपासून सुरू करावा. तेवढे दिवस गाडीवर नजर ठेवण्याचं काम कुठलाही डीलर पैसे घेऊनही करू शकत नाही. ते मालकानेच करायचं असतं, आणि ते करता करता निम्मी दुरुस्ती आपोआप हाताखालून जाते.

आपल्याकडे पर्यायही दोन नाहीत, तीन आहेत. घर, गल्लीतला मेस्त्री आणि कंपनीचं सर्व्हिस सेंटर. कुठलं काम कुठे करायचं हे ठरवताना मी स्वतःला तीन गोष्टी विचारतो. हे काम चुकलं तर गाडी रस्त्यात बंद पडेल, की माणूस रस्त्यावर पडेल? या कामाला लागणारं हत्यार आणि नेमकं माप माझ्याकडे आहे का? आणि गाडी वॉरंटीत आहे का? एवढ्यात बहुतेक निर्णय होऊन जातो.

वॉरंटीचं आधी संपवू. नवीन गाडी असेल तर मोफत सर्व्हिसिंग एकही चुकवू नका. मोफत असते ती मजुरी. ऑइल, फिल्टर, किरकोळ सामान यांचे पैसे द्यावेच लागतात, त्यामुळे "फ्री म्हणाले आणि बिल दिलं" अशी तक्रार करण्यात अर्थ नसतो. पण पुस्तिकेत लिहिलेल्या किलोमीटरला किंवा तारखेला, जे आधी येईल तेव्हा, गाडी दाखवल्याची नोंद हाच वॉरंटीचा आधार आहे. उद्या इंजिनात खरोखरच दोष निघाला तर पहिला प्रश्न त्या नोंदीचाच येतो. म्हणून या काळात इंजिन उघडणं, वायर कापून जादा लाइट किंवा हॉर्न जोडणं, बाहेरचा सायलेन्सर बसवणं टाळा. चेन साफ करणं, हवा बघणं, केबलला तेल देणं याने वॉरंटीला धक्का लागत नाही. उलट पुस्तिकेत ती कामं मालकाचीच म्हणून लिहिलेली असतात. ती पुस्तिका डिकीत पिशवीतच पडून राहते, हे आपलं मोठं नुकसान आहे. गाडीचं ऑइल किती, कुठल्या ग्रेडचं, चेनला ढिलाई किती, टायरमध्ये हवा किती, सगळं त्यात छापलेलं असतं.

वॉरंटी संपल्यावर गाडी कुणाकडेही दुरुस्त करायचा हक्क पूर्णपणे तुमचा. या बाबतीत देशात एक महत्त्वाचा निकाल लागला होता. २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना अडीच हजार कोटींहून अधिक दंड ठोठावला, कारण त्या सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजना मिळू देत नव्हत्या. निकाल चारचाकींचा होता, पण त्यामागचा विचार दुचाकीवाल्यालाही तितकाच लागू आहे. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी स्वतंत्र पोर्टल सुरू केलं, त्यात वाहनांचाही समावेश आहे. शोरूमशी वाद झाला आणि तो तिथे मिटत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक लक्षात असू द्या.

आता घरच्या कामाकडे. सगळ्यात आधी चेन, कारण आपल्या भागात सर्वांत जास्त हाल तिचेच होतात. दुधाचे दोन भरलेले कॅन मागे असले की चेनवर आणि मागच्या टायरवर किती ताण येतो हे वेगळं सांगायला नको. गाडी डबल स्टँडवर घ्या, न्यूट्रल करा, इंजिन बंद आणि किल्ली खिशात. किल्ली खिशात हे मी मुद्दाम लिहितोय. इंजिन चालू ठेवून, गिअरमध्ये चाक फिरवत चेनला फडकं लावणारे लोक मी पाहिलेत. फडकं चेनमध्ये ओढलं जातं आणि फडक्यामागे बोटं जातात. चेन आणि स्प्रॉकेटच्या मध्ये सापडलेलं बोट वाचत नाही. घाई कितीही असो, चाक हातानेच फिरवायचं.

खालच्या बाजूला, दोन्ही स्प्रॉकेटच्या मधोमध, बोटाने चेन वर-खाली करा. बहुतेक प्रवासी गाड्यांत साधारण इंचभर हालचाल असावी लागते. नेमका आकडा पुस्तिकेत मिळेल. पूर्ण कव्हर असलेल्या गाड्यांत खाली एक रबरी बूच असतं, ते काढून बोट घालता येतं. एकाच जागी बघून थांबू नका. चाक थोडं थोडं फिरवत चार-पाच ठिकाणी बघा. एका जागी घट्ट आणि दुसऱ्या जागी सैल लागली तर चेन असमान ताणली गेली आहे. मागच्या स्प्रॉकेटवरून चेन बोटांनी मागे ओढल्यावर निम्मा दात उघडा पडत असेल, किंवा दात शार्कच्या पाठीसारखे एका बाजूला झुकले असतील, तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट मिळून अख्खं किट बदलायची वेळ झाली. पैसे वाचवायला नुसती चेन बदलली की जुने दात नव्या चेनला काही महिन्यांत खाऊन टाकतात. तिथे काटकसर करू नका.

ताण द्यायचा असेल तर मागच्या एक्सेलचा नट सैल करून दोन्ही बाजूंचे ॲडजस्टर सारखेच फिरवा. स्विंगआर्मवर खुणा असतात, दोन्हीकडे एकाच खुणेवर आलं पाहिजे. नाहीतर चाक तिरकं बसतं आणि गाडी एका बाजूला ओढते. जास्त घट्ट करण्याचा मोह अनेकांना होतो. सैल चेन आवाज करून सांगते तरी. घट्ट चेन गप्प राहून गिअरबॉक्सचं आणि चाकाचं बेअरिंग खाते. मागे माणूस किंवा ओझं बसलं की ती आणखी ताणली जाते, हे ध्यानात ठेवून थोडी जागा सोडायचीच. आणि चाक मागे सरकलं की ड्रम ब्रेकचा रॉडही ताणला जातो, म्हणून चेन झाल्यावर मागचा ब्रेक पुन्हा बघायचा. ही शेवटची पायरी कितीतरी जण विसरतात आणि ब्रेक धरून राहिलेली गाडी महिनाभर तशीच पळवतात. मग मायलेज का पडलं म्हणून कार्बोरेटर उघडून बसतात.

साफसफाईला रॉकेल आणि जुना दात घासायचा ब्रश पुरतो. मोठ्या गाड्यांच्या चेनमध्ये बारीक रबरी रिंगा असतात. त्यांना तारेचा ब्रश आणि पेट्रोल लावू नका. रिंगा खराब झाल्या की आतलं ग्रीस निघून जातं. पुसून कोरडी केल्यावर ९० नंबरचं गिअर ऑइल थेंब थेंब आतल्या बाजूने सोडा आणि जास्तीचं पुसून घ्या. इंजिनातून काढलेलं काळं ऑइल चेनला घालायची आपल्याकडे जुनी सवय आहे. त्यात धातूचा कीस आणि काजळी असते. ते चेनला लावणं म्हणजे घासायची पावडर लावण्यासारखंच.

इंजिन ऑइल बदलणं हे घरचं दुसरं मोठं काम, आणि खर्चाच्या हिशोबाने सर्वांत फायद्याचं. गाडी तीन-चार मिनिटं चालवून कोमट करा, म्हणजे ऑइल पातळ होऊन गाळासकट बाहेर येतं. गाडी सपाट जागी डबल स्टँडवर, खाली परात, वरचं टोपण सैल, मग खालचा ड्रेन बोल्ट. बोल्टाला नेमका बसणारा रिंग पानाच वापरा. ॲडजस्टेबल पान्याने बोल्टाचे कोपरे गोल होतात. पूर्ण निथळायला दहा मिनिटं द्या. बोल्टाचं वॉशर नवं घाला, ते काही रुपयांत मिळतं.

इथे माझी एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी असाच बोल्ट बसवताना, गळायला नको म्हणून, आणखी पाव फेरा द्यायला गेलो आणि पाना एकदम हलका झाला. आटे गेले की हाताला जो हलकेपणा जाणवतो तो एकदा अनुभवलेला माणूस विसरत नाही. क्रँककेस ॲल्युमिनियमची असते, बोल्ट पोलादाचा. जोर लावला की मऊ धातूचे आटे सुटतात. गाडी टेम्पोत घालून कोल्हापूरला उद्यमनगरात न्यावी लागली. तिथल्या एका लेथवाल्याने छिद्र मोठं करून, नवे आटे पाडलेला बुश बसवून दिला. काम इतकं सफाईदार की आजतागायत एक थेंब गळलेला नाही. म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार अशा माणसांनी कोल्हापुरात यंत्रकामाचा पाया घातला, त्याचा उपयोग आजही आपल्यासारख्याला असा होतो. पण माझं ते एक ऑइल बदलणं शोरूमच्या दोन सर्व्हिसिंगपेक्षा महाग पडलं. तेव्हापासून मी बोल्ट आधी हाताने, पाना न लावता, पूर्ण बसेपर्यंत फिरवतो आणि मग टॉर्क रेंचने पुस्तिकेतल्या मापाइतकाच आवळतो.

ऑइल कुठलं घालायचं याबाबत एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. गिअरच्या मोटरसायकलीत क्लच त्याच ऑइलात भिजत असतो. त्यासाठी डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए-२' असं लिहिलेलं ऑइल लागतं. घरात कारचं उरलेलं चांगलं ऑइल आहे म्हणून ते ओतलं तर त्यातल्या घर्षण कमी करणाऱ्या द्रव्यांमुळे क्लच घसरू शकतो. इंजिन ओरडतं, गाडी ओढत नाही, आणि मेस्त्री क्लच प्लेट बदलायला सांगतो. स्कूटरचा क्लच कोरडा असतो, तिचं ऑइल वेगळं, 'एमबी' दर्जाचं. घरात एक मोटरसायकल आणि एक स्कूटर असेल तर दोन डबे वेगळे ठेवा.

काढलेलं ऑइल कुठे टाकायचं? गटारात नाही, बांधावर नाही, खताच्या उकिरड्यावर नाही. आपली गटारं ओढ्याला मिळतात आणि ओढा वारणेला. वापरलेलं ऑइल कायद्याने घातक कचऱ्यात धरलं आहे, ते उगाच नाही. रिकाम्या डब्यात भरून झाकण घट्ट लावा आणि गॅरेजवाल्याला द्या. तो बॅरलमध्ये साठवतो आणि शुद्धीकरणासाठी नेणाऱ्याला विकतो. घरी ऑइल बदलणाऱ्याने एवढी जबाबदारी घेतलीच पाहिजे. ती नको असेल तर ऑइल गॅरेजमध्येच बदलावं.

बाकीची घरची कामं भराभर सांगतो. टायरची हवा आठवड्याला, गाडी थंड असताना. आकडा चेन कव्हरवर किंवा स्विंगआर्मवर चिकटवलेला असतो, आणि मागे माणूस किंवा कॅन असतील तेव्हाचा आकडा वेगळा असतो. टायरच्या खाचांमध्ये आडवे छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर संपला. क्लचची मूठ टोकाशी साधारण एक ते दोन सेंटिमीटर मोकळी हलावी. केबलच्या टोकाशी तारांचा एखादा पिळा तुटलेला दिसला तर ती त्याच दिवशी बदला, कारण ती तुटायची ती ज्योतिबाच्या चढावरच तुटते. एअर फिल्टर धुळीच्या दिवसांत पुस्तिकेत सांगितल्याच्या निम्म्या अंतरावर उघडून बघा. फोमचा असेल तर धुऊन पिळून ऑइल लावून बसवता येतो. कागदी असेल तर धुवायचा नाही. चिकट द्रव लावलेला कागदी फिल्टर हवेने झटकूसुद्धा नका, तो थेट बदलायचा असतो. प्लग थंड इंजिनावरच काढा आणि हाताने आटे धरल्याशिवाय पाना लावू नका. फिकट तपकिरी रंग म्हणजे इंजिन ठीक जळतंय. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. पुन्हा फिल्टरच बघा.

आणि गाडी धुणं. वॉशिंग सेंटरवर जोराच्या फवाऱ्याने गाडी चकचकीत होते, पण तोच फवारा चाकाच्या बेअरिंगमध्ये, हँडलच्या कोनसेटमध्ये आणि वायरच्या जोडांमध्ये पाणी घुसवतो. घरी बादली, फडकं आणि थोडा साबण घेऊन गाडी धुतली तर प्रत्येक नट-बोल्टावरून हात फिरतो. सैल झालेला बोल्ट, गळायला लागलेला शॉकॲबसॉर्बर, फुगलेला टायर मला आजवर बहुतेक वेळा धुतानाच सापडला आहे.

आता न करायची कामं. इथे मी कडक आहे. ब्रेकची ढिलाई घरी जुळवा, ड्रमच्या लायनरची झीज दाखवणारा बाण बघा, डिस्कच्या पॅडमधली खाच शिल्लक आहे का ते बघा. पण डिस्क ब्रेकचं तेल बदलणं, कॅलिपर उघडणं, लाइनमधली हवा काढणं हे ज्याने कुणाच्या तरी हाताखाली शिकलेलं नाही त्याने करू नये. लाइनमध्ये हवेचा एक बुडबुडा राहिला तर गाडी अंगणात व्यवस्थित थांबते आणि पन्हाळ्याच्या उतारावर मूठ हँडलला टेकते. ब्रेकचं तेल हवेतली ओल ओढून घेतं, म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलावं लागतं. आपल्याकडे ते बहुधा गाडी विकेपर्यंत बदललं जात नाही. शोरूमला टाकताना हे काम आवर्जून सांगून करून घ्या. एबीएस असलेल्या गाडीचे ब्रेक तर थेट तिकडेच. त्याचप्रमाणे पुढचे फोर्क, हँडलचा कोनसेट, इंजिनचं आतलं काम आणि स्कूटरचा बेल्ट-रोलरचा भाग घरी उघडू नका. त्यांना खास पुलर, स्टँड, मापं लागतात.

एप्रिल २०२० पासून बीएस-६ गाड्या आल्या आणि घरच्या मेस्त्रीगिरीची एक मोठी गंमत गेली, हे खरं आहे. कार्बोरेटरचा स्क्रू कान लावून, इंजिनाचा आवाज ऐकत फिरवणाऱ्या पिढीला ते जड गेलं. आता पेट्रोल इंजेक्टरने येतं, किती सोडायचं ते सेन्सरच्या सांगण्यावरून कंप्युटर ठरवतो. मीटरवर इंजिनाचा पिवळा दिवा पेटून राहिला तर बॅटरीची वायर काढून लावून तो घालवण्याचा प्रयत्न करू नका. स्कॅनर लावून दोष वाचणारा माणूस हवा. असा स्कॅनर आता काही खासगी गॅरेजवाल्यांनीही घेतला आहे. नसेल तर डीलरकडे जाणं हाच सरळ रस्ता. माझ्याकडे दोन्ही प्रकार आहेत, जुनी शंभर सीसीची कार्बोरेटरची गाडी आणि मुलीची बीएस-६ स्कूटर. पहिलीचं मी जवळजवळ सगळं करतो, दुसरीचं हवा, सफाई आणि ऑइल एवढंच.

पेट्रोलबद्दल एक गोष्ट जुन्या गाडीवाल्यांसाठी. आपण ऊसपट्ट्यात राहतो. इथल्या मळीपासून आणि रसापासून होणारं इथेनॉल शेवटी आपल्याच टाकीत येतं. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते ओल ओढून घेतं. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करा आणि कार्बोरेटरच्या तळाचा स्क्रू सैल करून वाटीतलं पेट्रोल काढून टाका. जुन्या गाडीची पेट्रोलची रबरी नळी वर्षातून एकदा वाकवून बघा. भेग दिसली की बदला. काम पाच मिनिटांचं आहे, पण गळणारं पेट्रोल तापलेल्या इंजिनाशेजारी असतं.

गल्लीतल्या मेस्त्रीला मी फार मान देतो. त्याने ज्या गाड्या आयुष्यभर उघडल्या त्यांच्याबाबत त्याचा कान स्कॅनरपेक्षा कमी नसतो, मजुरी वाजवी असते, आणि मुख्य म्हणजे तो समोर काम करतो. त्याच्याकडे गाडी सोडून बाजारात जाऊ नका. बाजूला बसा, पाने देत राहा, विचारा. जे मला येतं त्यातलं निम्मं असंच आलं. सुटे भाग मात्र शक्यतो स्वतः आणून द्या. कंपनीच्या पार्ट काउंटरवर मूळ भाग कुणालाही विकत मिळतात. पाकीट बंद, छापील किंमत, पार्ट नंबर बघून घ्या. ब्रेक शू, पॅड, केबल, चेन किट यात नकली माल सर्रास खपतो, आणि नकली ब्रेक शू पहिल्या पावसात कळतो.

डीलरकडे गाडी टाकताना गप्प बसू नका. जॉब कार्डवर "जनरल सर्व्हिसिंग" एवढंच लिहून सही करू नका. काय तक्रार आहे, ती केव्हा येते, थंड असताना की तापल्यावर, कितव्या गिअरला, हे लिहायला लावा. अंदाजे खर्च आधी विचारा आणि त्याच्या वर जाणारं कुठलंही काम फोन करून विचारल्याशिवाय करू नये, असं कार्डावर लिहून घ्या. काढलेले जुने भाग परत मागा. मीही पूर्वी मागत नव्हतो. एकदा एका सर्व्हिस सेंटरच्या बिलात एअर फिल्टरचे पैसे होते. पुढच्या रविवारी सहज झाकण उघडलं तर आत तोच जुना फिल्टर, घडीत अडकलेल्या उसाच्या पाल्याच्या तुकड्यासकट. बिल घेऊन परत गेलो, तेव्हा त्यांनी मुकाट्याने नवा घातला. सगळीकडे असंच होतं असं मी म्हणणार नाही. चांगलं, चोख काम करणारी माणसं तिथेही आहेत. पण झाकण उघडता येत होतं म्हणून मला कळलं. घरचं काम येणाऱ्याला हा दुसरा फायदा मिळतो. काम दुसऱ्याने केलं तरी ते झालं की नाही, हे त्याला तपासता येतं.

पुराचं वेगळं सांगायला हवं. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये नदीकाठच्या गावांत गाड्या पाण्याखाली गेल्या. पाणी ओसरल्यावर माणूस पहिली गोष्ट कुठली करतो? किक मारून बघतो. तीच करू नका. सिलिंडरमध्ये पाणी शिरलं असेल तर ते हवेसारखं दाबलं जात नाही. पिस्टन वर येताना अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. बटण स्टार्ट असेल तर बॅटरीची वायर आधी सोडा. गाडीचे आणि पाण्याच्या खुणेचे फोटो काढा, विमा कंपनीला कळवा, आणि ढकलत किंवा टेम्पोतून गॅरेजला न्या. ऑइल दुधाळ चहासारखं निघालं तर आत पाणी गेलंय असं समजा. ते एकदा नाही, दोन-तीनदा बदलावं लागतं. फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर पुराच्या नुकसानीची भरपाई मिळत नाही. पाण्यातून काढून चालू केल्यामुळे बिघडलेल्या इंजिनाचा दावा विमा कंपनी नाकारू शकते. चांदोली धरणातून विसर्ग वाढल्याची बातमी आली की जनावरांबरोबर गाडीही उंचावर न्या.

शेवटी हत्यारांचा प्रश्न. चांगल्या रिंग पान्यांचा संच, दोन-तीन बॉक्स पाने, ॲलन कीचा जुडगा, प्लग पाना, पक्कड, हवा मोजायचा गेज एवढ्यावर घरची सगळी कामं होतात. स्वस्तातला पाना घेऊ नका. तो वाकतो आणि नट खराब करतो. महाग पडतो तो टॉर्क रेंच, आणि तो वर्षातून मोजक्याच वेळा लागतो. वारणेच्या खोऱ्यात तात्यासाहेब कोरे यांनी सहकारातून कारखाना उभा केला, १९६८ मध्ये दूध संघ आला, त्या भागात चार घरांनी मिळून एक टॉर्क रेंच आणि एक हवेचा पंप घ्यायला काय हरकत आहे? आमच्या गल्लीत आम्ही पाच जणांनी तसं केलंय. रविवारी सकाळी कुणाच्या ना कुणाच्या अंगणात एक गाडी डबल स्टँडवर असते, आणि आता शेजारच्या दोन कॉलेजच्या मुलीही आपापल्या स्कूटरची हवा, ऑइल स्वतः बघतात. रात्री बाराला लाइट आल्यावर विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर उघडून बसणारी आपली माणसं गाडीच्या चेनला घाबरतात, हे मला पटत नाही.

येत्या रविवारी एवढंच करा. गाडी डबल स्टँडवर घ्या, किल्ली खिशात ठेवा, मागचं चाक हाताने सावकाश एक पूर्ण फेरा फिरवा आणि चेन बघा. त्याला एकही पाना लागत नाही.